काट्याचं पर्ल: स्क्रिप्ट की मॉड्यूल?

धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडला तेव्हा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत एकच फाईल लिहिली होती, थेट चालवायची स्क्रिप्ट. काटा सीरियल पोर्टवरून आकडे ओकतो, पुढे शून्यं, मागे 'केजी'. ते रेगेक्सने (मजकुरातला नमुना ओळखून) साफ करायचे, भरल्या गाडीतून रिकामी वजा, पावती छापायची. चालली. मग दुसऱ्या जिनवाल्याने मागितली, कॉपी करून दिली. तिसऱ्यालाही.

दिवाळीनंतर एका दिवाणजींचा फोन. "काय भो, तुझं कॉम्प्युटर आमची खंडी खातंय का?"

रुईचा भाव खंडीवर. खंडी म्हणजे ७८४ पौंड, ३५५.६२ किलो, व्यवहारात ३५६ पण धरतात. मी एका कॉपीत हे लिहिलेलं, दुसरीत ते! १७० किलोच्या शंभर गाठींवर फरक जेमतेम पाच शतांश खंडी. पण खंडी ५५ हजारांची धरली तर अठ्ठावीसशे रुपये झाले की.

दुरुस्तीला घरी बसलो तर फाईल चालेचना. सुरू होताच पोर्ट उघडायला जाते, आणि घरी कुठला आलाय काटा? गणित तपासायलाही ट्रॅक्टर काट्यावर चढवायचा का?

म्हणून आकडा साफ करणं, निव्वळ वजन, किलोची खंडी एवढंच वेगळ्या पीएम फाईलीत काढलं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचं मॉड्यूल केलं. शेवटी 'एक, सेमिकोलन' (मॉड्यूल नीट लोड झाल्याची खूण) लिहायला विसरलो आणि पर्लने 'ट्रू व्हॅल्यू' मागत अडवलं. (इतक्या वर्षांनीही विसरतो.) खंडीचं वजन आता ज्याचं त्याने सांगायचं. टेस्ट मोअर या पर्लच्या चाचणी-मॉड्यूलने सगळं दोन सेकंदांत तपासून होतं.

आता सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या सार्वजनिक भांडारात, काय टाकायचं? मित्र म्हणतो, मॉड्युलिनो कर: 'अनलेस कॉलर'ची एक ओळ, मग तीच फाईल थेट चालवली तर स्क्रिप्ट, दुसऱ्या प्रोग्रामातून 'यूज' केली तर मॉड्यूल. घरच्या कामाला ठीक. बाहेर द्यायला मला मॉड्यूलच बरं वाटतं, सोबत बिन फोल्डरात दहा ओळींची स्क्रिप्ट. इन्स्टॉलची तयारी करणाऱ्या मेकफाईल डॉट पीएलच्या 'ईएक्सई फाईल्स'मध्ये नोंदवली की तीही इन्स्टॉल होते. पावतीचा भाग मात्र घरीच. त्यात गिऱ्हाइकाचा पत्ता आणि जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे चाळे, ते कोणाला देऊ?

अडलोय नावावर. एकदा लोक यूज करायला लागले की बदलता येत नाही. इंग्रजी व्यापारात खंडीला 'कँडी' म्हणतात. त्या नावाने टाकलं तर लोक लिमलेटच्या गोळ्या शोधत येतील.