मित्र म्हणे!

शाळेत गांडुळावरचं उत्तर दोन ओळींचं असायचं आणि त्यातली एक ओळ ठरलेली: ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.’ गांडुळाला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणाला पडला नाही.

त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, दात नाहीत, फुप्फुसंही नाहीत. ओल्या कातडीतूनच त्याचा श्वास चालतो. म्हणून तर आपल्याकडच्या वैशाखात कितीतरी गांडुळं खोल मातीत जातात आणि अंगाची गाठ मारून पडून राहतात. मृगात माती भिजली की वर. मग सकाळी वाफ्याच्या कडेला शेवेच्या चुऱ्यासारखी मातीची ढिगोळी दिसते, ती यांचीच विष्ठा. कुजका पाला आणि माती गिळायची, पोटात भरडायची, मागून सोडायची. बस्स, एवढाच उद्योग.

या उद्योगापायी डार्विनने आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. 1837 साली त्याने गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि 1881 साली, मरणाच्या आदल्या वर्षी, शेवटचं पुस्तक लिहिलं तेही त्यांच्यावरच. इंग्लंडात कित्येक ठिकाणी एका एकरातली दहा टनांहून जास्त माती दरसाल गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशेब होता. पण मला जास्त आवडतो तो त्याच्या घरातला जलसा. गांडुळांच्या कुंड्यांजवळ शिट्टी फुंकून झाली, बासून नावाचं भसाडं वाद्य वाजवून झालं, ओरडून झालं. श्रोते ढिम्म. मग कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबली, तशी ती झटकन बिळात! सूर नव्हे, हादरा कळला. (आमच्या सोसायटीतल्या गणपतीच्या डीजेपुढे त्यांचं काय होत असेल?)

गांडूळखताच्या वाफ्यात आपण जी पाळतो, ती बहुधा आफ्रिकेची नाहीतर युरोपची. शेणात आणि पाल्यात ती मजेत राहतात. हौसेने विकत आणून कोरड्या शेतात सोडली की बहुतेक टिकत नाहीत. उलट बांधावरची गावठी गांडुळं ओल आणि पालापाचोळा मिळाला की न बोलावता येतात.

आणि ही मैत्री सगळीकडे चालतही नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं उरलीच नव्हती. युरोपातून गेलेल्या माणसांबरोबर, रोपांच्या मातीतून वगैरे, ती तिथे पोचली. तिथली झाडं जमिनीवर साठलेल्या पाल्याच्या जाड थरावर वाढलेली. गांडुळांनी तो थरच खाऊन टाकला. मेपलची कोवळी रोपं, नेचे, रानफुलं कमी झाली. गळाला लावायला गांडुळं आणणाऱ्यांना तिथे आता सांगतात, उरलेली रानात सोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.