त्या भाषेत स नाहीच

बारा वर्षांचा तो मुलगा चार महिने माझ्याकडे वाचा-उपचारासाठी येत होता. तक्रार एकच, स. जिभेचं टोक जागेवर जायचं, पण हवा समोरून न निघता गालांच्या बाजूंनी फसफसायची. 'सरस्वती' म्हटलं की तोंडात लाळ साठल्यासारखं ऐकू यायचं. वर्गातली मुलं त्याला काय चिडवतात, ते त्याने कधी सांगितलं नाही.

एका मंगळवारी तो आत येताच म्हणाला, "मॅडम, मी आता क्लिंगॉन बोलणार. त्यात स नाहीच."

थाप वाटली, म्हणून त्याच्या आईच्या मोबाइलवर वर्णांची यादी पाहिली. खरंच नव्हता! 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेतल्या १९८४च्या चित्रपटासाठी, त्यातल्या परग्रहवासींच्या तोंडी, मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने ही भाषा रचली, १९८५ला तिचा शब्दकोश निघाला. परग्रहावरची वाटावी म्हणून ध्वनींची जुळणी मुद्दाम वाकडी. साधा क नाही, पण पडजिभेपाशी अडवलेला एक खोल क आहे. टी इंग्रजीसारखा, त्याच्या जोडीला मात्र जीभ वळवून म्हणायचा आपला ड. स नाही, श नाही, फक्त पोटफोड्या ष. तोही खरा मूर्धन्य, म्हणजे जीभ वळवून म्हणायचा, जो आपण मराठीत फळ्यावर लिहितो आणि श म्हणूनच वाचतो.

भाषेच्या स्वतःच्या नावातला पहिला वर्ण तर अफलातून. जिभेचं टोक टीच्या जागी टेकवायचं आणि हवा दोन्ही बाजूंनी जोरात सोडायची. मी तीनदा प्रयत्न केला, 'त्ल'च्या पुढे जाईना. त्याने पहिल्याच झटक्यात म्हटला. चार महिने मी घालवायला बसले होते तोच आवाज, फक्त आधी ट जोडून.

मी स्ट्रॉ उचलली. क्लिंगॉन वर्ण म्हणताना ओठांच्या मधोमध धरलेली स्ट्रॉ गप्प, कोपऱ्याशी नेली की फुंकर. पुन्हा, पुन्हा. हवा कुठून जाते हे त्याला आज पहिल्यांदा कानाने कळत होतं; माझी आरशातली चित्रं इतके दिवस वायाच गेली म्हणायची. "आता हवा मधून काढ. त त त भराभर, शेवटचा लांबव."

त त त त्स्स... मधल्या स्ट्रॉतून बारीक शीळ आली. त्याने डोळे मोठे केले. पुढच्या दोन वेळा पुन्हा बिघडलं, मग परत जमलं.

आई न्यायला आली तेव्हा 'सहा' पाचांतून दोनदा नीट आला. माझं 'त्ल' अजून तसंच आहे. पुढच्या मंगळवारी तो माझा गृहपाठ तपासणार आहे.