महाभारताचं सभापर्व, अध्याय ४३ ते ४६ : एक फजिती, तीन कथनं

शिशुपालवध संपवून मयसभेत, म्हणजे पांडवांच्या भूल पाडणाऱ्या राजसभेत, शिरले आणि वाचनाचा वेग एकदम मंदावला. संहिता भांडारकर संस्थेची, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली चिकित्सित आवृत्ती, एजर्टन यांनी संपादित केलेला १९४४चा सभापर्वाचा खंड. दुर्योधनाच्या फजितीचा प्रसंग इथे चार अध्यायांत तीनदा येतो, तेव्हा घाई करण्यात अर्थ नव्हता.

पहिल्यांदा वैशंपायन सांगतो, जनमेजय राजाला महाभारत ऐकवणारा निवेदक. शकुनीबरोबर सभा बघत हिंडताना दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र वर घेतो, पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून कपड्यांनिशी आत पडतो. नोकर हसतात, मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेवही. द्रौपदी तिथे नाहीच! 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे लहानपणापासून कानावर असलेलं वाक्यसुद्धा या संहितेत नाही.

दुसरं कथन परतीच्या वाटेवर, शकुनीपाशी. आगीत शिरेन, विष घेईन, पाण्यात जीव देईन असं दुर्योधन म्हणतो, पण ते मुख्यतः युधिष्ठिराचं वैभव बघून. हसण्याचा उल्लेख ओझरता, तोही फक्त रक्षकांच्या. शकुनी सोबतच होता, त्याला काय सांगायचं?

तिसरं धृतराष्ट्रापुढे, ४६व्या अध्यायात. जनमेजय द्यूताची हकिगत विस्ताराने विचारतो आणि वैशंपायन दुर्योधनालाच बोलू देतो. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात आलेले नजराणे स्वीकारून स्वीकारून आपला हात चालेना, लोक खोळंबून राहिले, इथून तो सुरुवात करतो. मग पाण्याचा प्रसंग. आता अर्जुनाबरोबर कृष्ण मोठ्याने हसतो, स्त्रियांसह द्रौपदीही हसते.

बापाला चिथवायला त्याने हे पदरचं घातलं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही, कारण लगेच पुढे तो जे सांगतो ते खोटं रचणारा सांगणार नाही. युधिष्ठिराच्या आज्ञेवरून नोकरांनी कोरडी वस्त्रं आणून दिली, आणि त्याचं दुःख जास्त झालं, असं तो म्हणतो. नंतर दारासारख्या दिसणाऱ्या शिळेवर कपाळ आपटतं, तेव्हा नकुल-सहदेव हळहळत येऊन त्याला धरतात आणि सहदेव पुन्हा पुन्हा सांगतो, 'राजा, हे दार, इकडून जा.' वैशंपायनाच्या कथनात हेच जुळे हसणाऱ्यांत होते. दुर्योधनाच्या आठवणीत ते आधार देणारे आहेत. हसण्याचा सूड घेता येतो. ज्यांचा द्वेष करायचा त्यांनीच दंडाला धरून दार दाखवलं, त्याचं काय करायचं? या माणसाच्या मत्सराचं मूळ मला इथे दिसतं, आणि नुसता खलनायक म्हणून त्याला बाजूला सारणं आता शक्य नाही.

वहीत प्रत्येक प्रसंगापुढे 'कोण सांगतो' आणि 'कुणाला' अशी दोन घरं आखली आहेत. चिकित्सित आवृत्ती वाचणाऱ्यांनी करून बघावं. पुनरुक्ती म्हणून ओलांडले जाणारे अध्याय वेगळेच दिसू लागतात.

पुढचा टप्पा द्यूताचा. पणाला लावल्यावर द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न आणि दुर्योधनाचा भाऊ विकर्ण याचं भाषण सावकाश वाचणार आहे, पण त्याआधी ६०व्या अध्यायातली एक जागा खुणेची करून ठेवली आहे. दुःशासन द्रौपदीला दासी म्हणतो, आणि कर्ण खूश होऊन मोठ्याने हसतो. मयसभेत कोण हसलं ही यादी हाताशी ठेवून द्यूतसभेतलं प्रत्येक हसणं तिच्याशी ताडून बघायचं आहे.