पहिल्या क्रूझची तयारी : खोली निवडण्याआधी नकाशा वाचावा

क्रूझवर जायचे ठरल्यावर मी सर्वांत आधी केबिनचे फोटो पाहत बसले आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. हॉटेल निवडताना खोली केवढी आहे, खिडकीतून काय दिसते आणि भाडे किती एवढे पाहून भागते, कारण हॉटेल जागचे हलत नाही. जहाज मात्र हलते, रात्रभर चालते आणि ठरल्या वेळी धक्का सोडते. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन आठवडे लागले, आणि ती लक्षात आल्यावर आमची अर्धी यादी खोडून नव्याने करावी लागली.

केबिनचे प्रकार सगळीकडे साधारण सारखेच असतात : खिडकी नसलेली आतली केबिन, खिडकीची केबिन, बाल्कनीची केबिन आणि त्यावरचे महागडे सूट. आमचा वाद बाल्कनी घ्यावी की नाही यावर चालला होता. प्रत्यक्षात केबिन जहाजावर नेमकी कुठे आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा निघाला. जहाज लाटांवर पुढेमागे झुलते तेव्हा ते मुलांच्या सी-सॉसारखे वागते, म्हणजे दोन्ही टोके सर्वाधिक वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. आडवे हेलकावेही जितके वरच्या मजल्यावर जावे तितके जास्त जाणवतात. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते प्रामुख्याने आडवे डोलणे कमी करतात, पुढेमागे झुलण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. सासूबाईंना बसचा घाटही सोसत नसल्यामुळे आम्ही वरच्या डेकवरची बाल्कनी सोडली आणि खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, साध्या खिडकीची केबिन घेतली. पैसे वाचले ते वेगळेच.

प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजलावार नकाशा, आरक्षणापूर्वी पाहायला मिळतो आणि तो घराच्या नकाशासारखा बारकाईने वाचावा असे माझे मत झाले आहे. आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे त्यात पाहायचे. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज छतातून येतो, खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत ठोके ऐकू येतात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर ती जागा सर्वांत शांत. थोड्या कमी भाड्यात ‘केबिन कंपनी ठरवेल’ असा एक पर्याय असतो. मला तो मोहात पाडत होता, पण त्यात हा नकाशाच हातातून जातो, म्हणून सोडला.

बोट लागणे या विषयावर घरात प्रत्येकाजवळ एक उपाय होता. कारण मात्र एकच आहे : आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलते आहे असे सांगते आणि चार भिंतींत अडकलेले डोळे काहीच हलत नाही असे सांगतात. म्हणूनच डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहिल्याने बरे वाटते आणि केबिनमध्ये पुस्तक वाचत पडल्याने त्रास वाढतो. औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट बजावली, ती म्हणजे ती त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असतात. मेक्लिझिनच्या गोळीने झोप येऊ शकते. स्कोपोलामिनची कानामागे लावायची पट्टी निदान चार तास आधी लावावी लागते व ती तीन दिवसांपर्यंत काम करते, पण काचबिंदूच्या काही रुग्णांना ती चालत नाही. सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी त्या निमित्ताने झाली.

बंदरांची यादी वाचतानाही मी आधी फक्त शहरांची नावे पाहत होते. पुढे कळले की काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या बोटीत पाय टाकणे सोपे नसते, आणि समुद्र खवळलेला असेल तर ते बंदर रद्दही होते. मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाकडे असतो व प्रवासाच्या करारात ते लिहिलेलेच असते, तेव्हा एकाच बंदरासाठी ही सहल निवडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कागदपत्रांत एक खाचखळगा आहे. अनेक देश परतीनंतर किंवा प्रवेशानंतर काही महिने, बहुधा सहा, वैध असलेला पासपोर्ट मागतात हे बहुतेकांना माहीत असते. पण जहाज शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, निघून बाहेरच्या बंदराला जाऊन पुन्हा आत येणार असेल, तर व्हिसा लागणाऱ्यांना एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. विम्यात जहाजावरील उपचार आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, तेही वाचावे, कारण जहाजावरचा दवाखाना मोफत नसतो.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इस्त्री, किटली आणि मेणबत्त्या आगीच्या भीतीने सहसा चालत नाहीत, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबातले अचानक झटके अडवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. भिंती बहुधा पोलादी असल्यामुळे चुंबकाचे हुक मात्र उपयोगी पडतात. मोठ्या बॅगा चढतानाच ताब्यात घेतल्या जातात व केबिनमध्ये काही तासांनी पोहोचतात, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे आम्ही खांद्यावरच्या पिशवीत ठेवले.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत टाळता येते का, असे नवऱ्याने विचारले तेव्हा मी त्याला कोस्टा कॉन्कॉर्डियाची आठवण करून दिली. जानेवारी 2012 मध्ये ते जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि 32 जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती 24 तासांत घेतली तरी चालत असे. 2015 पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक आहे. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा आम्ही घरीच पाठ केला.

जहाज चुकू नये म्हणून निघण्याच्या बंदरावर आम्ही एक दिवस आधी पोहोचणार आहोत; विमान उशिरा आले तर जहाज थांबत नाही. हीच गोष्ट प्रत्येक बंदराला लागू आहे. परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, आणि ते घड्याळ किनाऱ्यावरच्या वेळेशी जुळेलच असे नाही. मोबाइल किनाऱ्यावर उतरताच स्थानिक वेळ दाखवू लागतो, समुद्रात तोच मोबाइल जहाजाच्या उपग्रह-जोडणीचे महागडे रोमिंग पकडतो, त्यामुळे तो एअरप्लेन मोडवरच राहील असे ठरले आहे. मग वेळ कशात पाहायची, यावर कपाटातले चावीचे जुने मनगटी घड्याळ बाहेर निघाले. चार दिवस मी ते दररोज रेडिओच्या वेळेशी ताडून पाहते आहे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, तेव्हा रोज सकाळी जहाजाच्या घड्याळाशी जुळवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे.