शिकाऊ पोरांच्या हातात डोकं कसं द्यायचं?

आमच्या सोसायटीत कुणाचं डोक्याचं किंवा मणक्याचं काही निघालं की फोन मला येतो, कारण मी बरीच वर्षं पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यूरोसर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर होते. इकडचं तिकडचं बोलून झालं की गाडी हमखास एकाच प्रश्नावर येते, "ताई, तिथे म्हणे शिकाऊ पोरं ऑपरेशन करतात, खरंय का?" खरंय. पण लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं ना, की काल बारावी झालेलं पोरगं आज हातात ड्रिल घेऊन उभं, ते मात्र साफ चुकीचं आहे, आणि दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी हिशोब करू. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजी देऊन जनरल सर्जरीत एमएस तीन वर्षं, मग नीट एसएस देऊन एमसीएच न्यूरोसर्जरी अजून तीन वर्षं. म्हणजे एकही वर्ष वाया न घालवता साडेअकरा, आणि वाया न घालवता कुणाचंच होत नाही हो, मध्ये सरकारी सेवेचा बाँड असतो, परीक्षेची तयारी असते, लग्न असतं. एम्स, निम्हान्ससारख्या ठिकाणी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा कोर्स पण आहे. अमेरिकेत मेडिकल स्कूल संपल्यावर सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे तिकडेही काही फार वेगळं नाही. तर तुमच्या पेशंटची फाइल घेऊन धावणारा जो दाढी वाढलेला, डोळे लाल झालेला 'शिकाऊ' दिसतो तो बहुतेक वेळा तिशी ओलांडलेला आणि अपेंडिक्स, हर्निया, आतडी हे सगळं स्वतःच्या जबाबदारीवर करून आलेला पूर्ण सर्जन असतो. शिकत असतो तो फक्त मेंदू आणि मणका.

आता तो नेमकं काय करतो? मोठ्या ट्यूमरची केस असेल तर ऑपरेशनचे तीन भाग पडतात, ओपनिंग, मधलं काम आणि क्लोजिंग. ओपनिंग आणि क्लोजिंग रेसिडेंटचं, म्हणजे या शिकाऊचं. डोकं तीन पिनांच्या मेफिल्ड क्लॅम्पमध्ये घट्ट बसवायचं, त्वचा कापली की कडांना रेनी क्लिप्स पटापट लावत जायच्या कारण टाळूचं रक्त थांबता थांबत नाही, मग कवटीला भोकं पाडायची, ती जोडून हाडाचा तुकडा उचलायचा आणि खाली ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) फाटू द्यायचा नाही. हल्लीचं परफोरेटर, म्हणजे भोक पाडायचं ड्रिल, हाड संपलं की आपोआप थांबतं, पण हाताने फिरवायचं जुनं हडसन ब्रेससुद्धा आमच्याकडे कपाटात होतं आणि जुने सर प्रत्येक नव्या रेसिडेंटला एकदा तरी ते हातात द्यायचे, हाड कधी संपतंय ते मनगटाला कळलं पाहिजे म्हणून. ड्युरा उघडायची वेळ आली की सर आत. मायक्रोस्कोपला बाजूला दुसरी नळी असते, तिच्यातून रेसिडेंट तेच बघतो जे सर बघतायत, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर अख्खी ओटी बघते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मग उलटं होतं, पोरगा मुख्य खुर्चीवर आणि सर बाजूच्या नळीला. "थांब. उठ." एवढं दोन शब्दांत म्हटलं की पोरगा निमूट उठतो आणि सर बसतात. अवघड जागा संपली की परत अदलाबदल. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं सर तर अकराला आले, मग आठपासून आत काय चाललं होतं?

माझं काम त्या वेळी ट्रेचं आणि पॅटीचं. पॅटी म्हणजे कापसाची छोटी चौकोनी पट्टी, तिला दोरा असतो, तो दोरा जखमेच्या बाहेर लोंबत ठेवायचा. मेंदूवर सक्शन थेट लावायचं नाही, पॅटीवरून लावायचं. किती आत गेल्या, किती बाहेर आल्या हे मी आणि खाली उभी असलेली सिस्टर दोघी मोजतो आणि मोठ्याने बोलतो, आणि मोजणी जुळल्याशिवाय ड्युरा बंद होत नाही, मग सर असोत की सरांचे सर. रात्री अडीचला एक पॅटी कमी भरली की ओटीत जी शांतता होते ती ज्याने अनुभवलीय त्यालाच माहीत (बहुतेक वेळा ती ड्रेपच्या घडीत सापडते).

आणि प्रॅक्टिस पेशंटवर नसते करत हो. कच्चं अंडं घेऊन ड्रिलने कवच घासायचं, आतला पातळ पापुद्रा फाटला की नापास. कोंबडीच्या पंखातली बारीक रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली कापायची आणि दहा-शून्य नंबरच्या धाग्याने शिवायची, तो धागा केसापेक्षा बारीक, नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतो, खाली पडला की गेला. आमचा एक रेसिडेंट पक्का शाकाहारी, पाषाणहून येताना रोज चिकनवाल्याकडे थांबायचा, तो चिकनवाला म्हणे त्याला विचारायचा, "डॉक्टर, रोज नुसते पंखच कसे काय?"

ट्रेवरून आठवलं. ओटीतल्या सिस्टरला न्यूरोसर्जरीचा इतिहास पुस्तकातून कळत नाही, हत्यारांवरून कळतो. सर हात पुढे करून म्हणणार "पेनफिल्ड चार", म्हणजे पेनफिल्डचं चार नंबरचं डिसेक्टर. हा पेनफिल्ड म्हणजे कॅनडात मॉन्ट्रियलला होता तो वाइल्डर पेनफिल्ड, जाग्या पेशंटच्या मेंदूला हलका करंट देऊन कुठून हात हलतो आणि कुठून बोलणं येतं याचा नकाशा ज्याने काढला तो. त्याच्या हाताखाली शिकून डॉ. जेकब चॅंडी परत आले आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती, आणि १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया. हाड कुरतडायचं लेक्सेल स्वीडनच्या लार्स लेक्सेलचं, गॅमा नाइफ काढणारा तोच. फुगलेल्या रक्तवाहिनीला लावायची क्लिप झुरिकच्या याशारगिलची. आणि मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना स्क्रू लावून पक्कं करायची जी पद्धत आहे, जी जगभर गोयल-हार्म्स म्हणून ओळखली जाते, त्यातले गोयल म्हणजे आपले डॉ. अतुल गोयल, मुंबईच्या केईएमला असताना १९९४ मध्ये त्यांनी ती छापली. हे ऐकवलं की नवीन पोरांची छाती जरा फुगते, तेवढीच मजा. मुली तेव्हा आमच्याकडे फारशा नसायच्या या ब्रँचला, आता येतात, चेन्नईच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ मध्येच न्यूरोसर्जरीत एमसीएच केलं होतं, म्हणजे उशीर आपल्याकडूनच झालाय.

बरं, रात्रीची गोष्ट वेगळी. पुण्यात रात्रीची न्यूरोसर्जरी म्हणजे टू-व्हीलरचे अपघात. नवले पूल, कात्रज बायपास, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. हेल्मेटसक्ती म्हटली की मोर्चा काढणारं आपलं शहर, त्यावर मी आता बोलत नाही, बीपी वाढतं. तर कॅज्युअल्टीत पहिला हात लागतो तो रेसिडेंटचाच. तो काय बघतो? डोळे उघडतो का, काय बोलतो, सांगितलेलं करतो का. हा ग्लासगो कोमा स्केल, १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी आणलेला, सगळ्यात चांगला स्कोअर १५ आणि सगळ्यात वाईट ३, कारण शून्य नसतोच त्यात. आठ किंवा खाली गेला की श्वासनळीत ट्यूब टाकायच्या तयारीला लागायचं. मराठीत हे सगळं फार घरगुती ऐकू येतं, "काका, डोळे उघडा, जीभ काढा बाहेर, दोन बोटं दाखवा, कुठे आहात आत्ता?" एक आजोबा दर तासाला ठणकावून सांगायचे, "नारायण पेठेत!" मग त्यांचा बोलण्याचा एक मार्क कापायचा, पत्ता बरोबर असला तरी, कारण ते होते आमच्या वॉर्डात.

आणि इथेच तो शिकाऊ पोरगा जीव वाचवतो. कवटी आणि ड्युराच्या मध्ये रक्त साठलं तर पेशंट पडल्यावर उठतो, चालतो, चहा पितो, "मला काही झालं नाही" म्हणतो आणि तास-दोन तासांत झोपाळतो, एका बाजूची बाहुली मोठी होते. सीटीवर भिंगासारखा पांढरा डाग. त्या क्षणी सर बावधनला घरी असतात, आणि रेसिडेंटने फोनवर तीन वाक्यांत केस सांगून, भूलवाल्यांना उठवून, रक्त मागवून, पेशंट टेबलावर घेतला पाहिजे. सर येईपर्यंत डोकं उघडलेलं असतं. नामांकित सर्जनची अपॉइंटमेंट घेऊन होणारी ही गोष्टच नाही. तुम्ही ज्याला घाबरता तो तिथे रात्रभर जागा आहे हेच तुमचं नशीब.

जागा आहे, हेच जरा जास्त होतं मात्र. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय की सलग ड्युटी सहसा १२ तासांच्या वर नको. वाचून हसू येतं. सकाळी राउंडला उभा असलेला पोरगा त्याच कपड्यात दुसऱ्या दिवशी दुपारी पण राउंडला उभा असतो हे मी कितीदा बघितलंय. मार्डचा, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचा, संप झाला की लोक चिडतात, पेशंटचे हाल होतात ते खरंच आहे, पण माझी सहानुभूती पोरांकडे, सांगून टाकते. मला शिकाऊ हाताची भीती कधीच वाटली नाही, झोप न झालेल्या हाताची वाटते.

आता ज्याची खरी चौकशी करायला हवी ते कुणी विचारतच नाही. एमसीएच झाला म्हणजे सगळं येतं असं नसतं. पायाभूत सगळं येतं, डोक्याचा मार, शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी काढायची नळी), साधे ट्यूमर, मणक्याची गादी. त्यापुढे लोक एक-दोन वर्षांची फेलोशिप करतात आणि मग वाटा फुटतात. कुणी कवटीच्या तळाचे ट्यूमर करतो, तासन्‌तास चालणारं काम. कुणी ईएनटीवाल्यांबरोबर नाकातून दुर्बीण घालून पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ काढतो, डोक्यावर टाकाच नाही. फुगलेल्या रक्तवाहिनीला कुणी कवटी उघडून क्लिप लावतो आणि कुणी मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन आतून कॉइल भरतो, ही दोन वेगळी शिक्षणं आहेत, दोन्ही येणारे कमी. लहान मुलांचं वेगळं, फिट्सचं वेगळं (त्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्राचं नाव आहे), अपघातात खांद्याच्या नसा तुटून हात लुळा पडतो त्याचं वेगळं. पार्किन्सनसाठी मेंदूत बारीक तार बसवतात तेव्हा पेशंटला बऱ्याचदा जागंच ठेवतात, आणि करंट सुरू केल्यावर टेबलावरच हाताची थरथर थांबते, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हातातलं हत्यार पुढे करायलाच विसरले होते. बोलण्याच्या भागाजवळचा ट्यूमर असेल तरी जागं ठेवतात, मेंदूला स्वतःला दुखत नाही, डोक्याच्या त्वचेला भूल दिली की झालं. आमच्या एका पेशंटला तेराचा पाढा म्हणायला लावला होता, तेर सक अठ्ठ्याहत्तरला अडखळला, सरांनी तिथून हत्यार मागे घेतलं. नंतर कळलं की त्याला तो पाढा शाळेपासून तिथेच अडायचा, मग पुढच्या वेळी आधी वॉर्डात म्हणवून घेतला.

आणि मणका. न्यूरोसर्जनच्या कामाचा मोठा हिस्सा मणकाच असतो हे लोकांना माहीतच नसतं. ऑर्थोवाले पण करतात, न्यूरोवाले पण करतात, यावरून घरोघरी वाद. माझं मत विचाराल तर डिग्री कुठली यापेक्षा तो माणूस आठवड्याला मणके किती करतो ते बघा, फक्त गाठ मज्जारज्जूच्या आत असेल तर सरळ न्यूरोकडे जा. न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन पण वेगळे बरं का, पहिला डीएम, औषधं देणारा, दुसरा एमसीएच, कापणारा, आणि डोकेदुखी घेऊन थेट दुसऱ्याकडे जाणाऱ्यांची रांग ओपीडीत रोज असते.

तर टीचिंग हॉस्पिटलला जाणार असाल, ससून असो की दुसरं कुठलं, आधी फोन करून कुठल्या युनिटची ओपीडी कुठल्या दिवशी ते विचारा, आणि आपल्या आजाराचं काम त्या युनिटमध्ये कोण करतं ते स्पष्ट विचारा, कुणी रागावत नाही. ऑपरेशन ठरलं तर "मधलं काम कोण करणार, सर त्या वेळी ओटीत असणार का" हेही विचारा, तो तुमचा हक्क आहे. तुमचे कागद बघणारा आधी रेसिडेंट असेल, त्याला सगळं नीट सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगा, अर्ध्या लोकांना ती शेवटी दारातून वळताना आठवते. आणि एमआरआयचा नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका. फिल्म किंवा सीडी न्या. कुठलाही न्यूरोसर्जन, शिकाऊ असो की पिकलेला, रिपोर्टचा कागद बाजूला ठेवतो आणि आधी फिल्म उजेडाला धरतो.