फ्लॅट बदलून देतो म्हणणारा बिल्डर आणि हातातला करारनामा

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात घर घेणारा माणूस आधी मजला विचारतो. माझ्या मावसभावानेही निवृत्तीनंतर राहण्यासाठी तिथल्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, करारनामा दुय्यम निबंधकांकडे नोंदवला आणि कर्जाचे हप्तेही सुरू केले. आता बिल्डर म्हणतो की त्या विंगचे काम लांबणार आहे, तेव्हा शेजारच्या विंगमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या. क्षेत्रफळ तेवढेच, शिवाय मोकळ्या जागेतले पार्किंग फुकट. (रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या स्थावर संपदा कायद्यानुसार मोकळे पार्किंग ही सामाईक जागाच असते. जे विकताच येत नाही, ते फुकट देण्यात कसले औदार्य?) सोबत पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेले संमतीपत्र आले. 'पूर्वीच्या सदनिकेबाबत माझा कोणताही हक्क, दावा अथवा तक्रार राहिलेली नाही व राहणार नाही,' असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नव्या सदनिकेच्या क्रमांकाच्या जागी मात्र 'उपलब्धतेनुसार' एवढाच शब्द होता.

अशा कागदावर सही करू नये, हे उघड आहे. नवा करारनामा नोंदला जाईपर्यंत जुना सोडायचा नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळतो. फ्लॅट बदलणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जुना करारनामा नोंदणीकृत दस्ताने रद्द करणे आणि नवा नोंदवणे. हे दोन्ही दस्त एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक व्हावेत आणि आजवर भरलेली संपूर्ण रक्कम नव्या सदनिकेपोटी मिळाल्याचा उल्लेख नव्या करारनाम्यात असावा. तिथे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया), मजला आणि सदनिका क्रमांक मंजूर नकाशाशी ताडून लिहून घ्यावेत. नव्या दस्ताचे मुद्रांक शुल्क कोणी भरायचे, हेही आधीच ठरवावे. जुन्या दस्तावरील शुल्काचा परतावा मागता येतो, परंतु ताबा घेण्यापूर्वी करारनामा रद्द झालेला असणे आणि रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज करणे, अशा अटी त्याला आहेत.

सर्वांत जास्त फसगत होते ती ताब्याच्या तारखेत. जुन्या करारनाम्यातली तारीख उलटून गेली असेल, तर रेराच्या कलम १८ प्रमाणे प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) दोन टक्के जास्त ठेवलेला आहे. नव्या करारनाम्यात नवी तारीख मुकाट्याने मान्य केली, की साचलेल्या व्याजाचा हक्क वादात सापडतो. म्हणून ते व्याज किमतीतून वळते करून घ्यावे, नाहीतर तो हक्क अबाधित असल्याचे लिहून घ्यावे.

दाखवलेला फ्लॅट खरोखर मोकळा आहे का, हेही पाहावे लागते. आपल्याकडे जमीनमालकाच्या वाट्याला ठरावीक फ्लॅट देण्याचा करार सर्रास असतो आणि सातबाऱ्यावर भावकीची चार नावे असतात. त्यामुळे तो फ्लॅट बिल्डरच्याच वाट्याचा आहे, वित्तसंस्थेकडे गहाण नाही आणि दुसऱ्या कोणाला विकलेला नाही, याची खात्री वकिलाकडून करून घ्यावी. चिपळुणात निळी आणि लाल पूररेषा (नदीच्या अनुक्रमे लहान आणि मोठ्या पुराची आखलेली हद्द) कुठून जाते, तेही बघावे. कर्ज जुन्या सदनिकेवर असल्याने बँकेची लेखी संमती लागतेच.

आणि बदल नकोच असेल, तर तसे लेखी कळवावे. कलम ११(५) नुसार बिल्डरला करारनाम्यातील अटींबाहेर जाऊन वाटप रद्द करता येत नाही आणि कलम १४ नुसार आपल्या सदनिकेच्या मंजूर आराखड्यात आपल्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही. तसे केल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. कोकणात आठपर्यंत फ्लॅटच्या छोट्या इमारती पुष्कळ असतात आणि त्यांना रेरा नोंदणीतून सूट आहे; तिथे १९६३ चा मोफा (महाराष्ट्र मालकी सदनिका) कायदा आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग राहतात. मावसभावाने संमतीपत्र सही न करता परत पाठवले असून, सोबतच्या पत्रात नव्या सदनिकेचा क्रमांक, ताब्याची तारीख आणि व्याजाचा हिशेब मागितला आहे.