आमची वाटचाल: पॅकिंग अखंड सुटावं म्हणून

सोलापुरात आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते फवारणी पंपांच्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातले डाळिंबवाले आमचे मुख्य गिऱ्हाईक. बाग ताणावर गेली (पाणी तोडलं) की इंजिन शेडमध्ये पडून राहतं. बहाराच्या तोंडावर उघडावं, तर पॅकिंग (सांध्यातून तेल गळू नये म्हणून मधे घातलेला पातळ थर) फाटून निम्मं कव्हरला, निम्मं ब्लॉकला चिकटलेलं.

आधी आमचा सगळा भर काढण्यावर होता. ती शिस्त आजही सोडलेली नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट आमनेसामने, अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. मग कव्हरच्या कानांवर नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर कधीच घालायचा नाही. ॲल्युमिनिअमवर ओरखडा पडला की नवं पॅकिंग टाकूनही तिथूनच तेल पाझरतं. उरलेला कागद डिझेलने रात्रभर भिजवला की प्लास्टिकच्या पट्टीने निघतो. पॉलिश पेपर नकोच, त्याची कच बेअरिंगमध्ये जाते.

पण पॅकिंग फाटणार की नाही, हे ते बसवतानाच ठरतं. उष्णतेने त्यातला बाइंडर (चिकटवणारा घटक) कडक होऊन धातूला धरतो. म्हणून साइड कव्हरच्या कागदी पॅकिंगला आम्ही दोन्ही बाजूंनी ग्रीसचा पुसट हात देतो, बोटाने पुसून उरेल तेवढाच. जास्त लावलं तर दाबाखाली पॅकिंग सरकतं आणि बोल्टच्या भोकापाशी फाटतं. कार्बोरेटरकडे ग्रीस टिकत नाही, पेट्रोल ते धुऊन नेतं. तिथे शिसपेन्सिलीची पूड चोळतो. साधं सिलिकॉन मात्र पेट्रोलजवळ अजिबात नको. ते फुगून सुटतं आणि तुकडे जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, अडकतात. हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) पॅकिंग नेहमी कोरडं.

पान्याचा अंदाज सोडून आम्ही टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा) धरला, हा आमच्या कामातला सर्वांत मोठा बदल. होंडाच्या १६० सीसीच्या जीएक्स इंजिनाला हेडचे बोल्ट २४ न्यूटन-मीटर, तेही दोन-तीन टप्प्यांत. जास्त आवळल्याने सांधा घट्ट होत नाही. कव्हर वाकतं आणि पॅकिंग चिरडतं. हेड काचेवर पालथं ठेवून ०.१० मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची) आत गेली, तर हेड वाकलंय; आधी हेडचं काम, पॅकिंग नंतर.

साइड कव्हरचं पॅकिंग अखंड, मऊ निघालं तर अडीनडीला पुन्हा चालतं. हेडचं कितीही चांगलं दिसलं तरी आम्ही परत बसवत नाही.